पांढरीची माती

वडिलांकडे गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते. निळे, हिरवे, काळपट, काही दोन-तीन रंगांचे धागे पीळ देऊन केल्यासारखे. लहानपणी ताप आला की तो डबा आमच्या अंथरुणात यायचा. एकेक तुकडा खिडकीच्या उजेडात धरायचा आणि भिंतीवर पडणारा रंग बघत पडायचं. "कुणाच्या बांगड्या ह्या?" असं विचारलं की वडील म्हणायचे, "टेकावरच्या बायकांच्या." मग टेकावर राहणाऱ्या, हात भरून बांगड्या घातलेल्या कुणी आत्या-मावश्या असतील आणि त्या एकदा आमच्याकडे जेवायला येतील, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या बोळात. टेक म्हणजे ब्रह्मपुरीचं. नदीकाठचा तो उंचवटा आमच्या जाण्यायेण्यातला होता. घाटावर कपडे धुवायला जाताना, पावसाळ्यात पाणी कुठवर चढलं ते बघायला जाताना तो डोळ्यांसमोर असायचा. पण त्याच्याकडे बघितलं म्हणावं तर १९८३ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी मी इतिहास घेऊन एम.ए.ला बसले. एक पेपर पुरातत्त्वाचा होता. पहिल्या तासाला सर आले, हजेरी घेतली आणि फळ्याकडे न वळताच त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात पांढर कुठं आहे?"

खेडेगावातून आलेल्या मुलांचे हात झटक्यात वर गेले. कुणी म्हणालं देवळामागं, कुणी म्हणालं जुन्या वेशीत. कागलकडचा एकजण म्हणाला, "सर, आमची पांढर आता निम्मी ऱ्हायली. लोकांनी गाड्या भरून शेतात नेली, खत म्हणून." मी पेठेत वाढलेली. मला तो शब्दच ठाऊक नव्हता. काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढर म्हणजे राहायची, हे त्या दिवशी कळलं. माणूस एका जागी पिढ्यान् पिढ्या राहतो, चुलीची राख टाकतो, शेणानं सारवतो, मातीच्या भिंती बांधतो, त्या पडतात, त्यावर पुन्हा बांधतो. हाडं, कोळसा, चुना, खापरं सगळं त्या मातीत मुरतं आणि तिचा रंगच फिकट होतो. सर म्हणाले, "उत्खनन करणारा माणूस जी जागा शोधत फिरतो, ती शेतकऱ्यानं आधीच ओळखून तिला नाव देऊन ठेवलंय. तेव्हा गावात गेलात की पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसाला विचारा."

ती वही माझ्याजवळ अजून आहे. पहिल्या पानावर तारखेखाली एकच शब्द लिहिलेला आहे, पांढर.

अभ्यासक्रम तसा कोरडाच होता. थर कसे वाचायचे, खड्ड्यांच्या मध्ये मातीची भिंत का राखायची, वरचा थर नवा आणि खालचा जुना हा साधा नियम उंदराच्या बिळामुळं किंवा जुन्या विहिरीमुळं कसा चुकू शकतो. खापरांचे प्रकार तोंडपाठ करायचे: काळी-तांबडी, लाल झिलईची, तांबूस लेपावर पांढरी नक्षी काढलेली. सर कुठलंसं खापर हातात द्यायचे आणि म्हणायचे, "डोळे मिटा. चाकावरचं का हातावरचं, सांगा." आतल्या बाजूनं अंगठा फिरवला की चाकाच्या बारीक रेघा लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराची बोटं जिथून फिरली तिथूनच आपलं बोट फिरतंय, ह्या जाणिवेनं अंगावर काटा यायचा. आजही येतो.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी सरांनी आम्हाला ब्रह्मपुरीवर नेलं. माझ्या घरापासून पाच मिनिटांवर! सगळा वर्ग आमच्या बोळातून गेला. आईनं सगळ्यांना ताक दिलं.

टेकावर उभं राहून सरांनी सांगितलं ते असं. १९४४-४५ मध्ये राजाराम कॉलेजातले कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांच्या पुढाकारानं इथं खोदाई झाली आणि कांस्याच्या वस्तूंचा मोठा साठाच हाती लागला. मग १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रीय पद्धतीनं उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९५२ साली छापून आला. खाली सातवाहनांच्या काळातलं विटांच्या घरांचं गाव आणि त्याच्यावर किती तरी शतकांनंतरची बहमनी काळातली वस्ती. अंबाबाईचं देऊळ उभं राहिलं त्याच्या कैक शतकं आधी कोल्हापूर इथं, ह्या टेकावर नांदत होतं.

रात्री जेवताना मी हे सगळं घाईघाईनं सांगत होते. वडील भाकरी मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, "मी होतो की तिथं."

उत्खनन चाललं तेव्हा ते दहा वर्षांचे. शाळा सुटली की पोरांची टोळी टेकावर. चौकोनी खड्डे, दोऱ्या बांधलेल्या, आणि पुण्याहून आलेली माणसं ब्रशानं माती झाडतायत. "आम्हाला वाटायचं सोन्याचा हंडा निघणार. आणि ती माणसं बसून खापऱ्या धुवायची. एकेका खापरीवर शाईनं आकडं घालायची." वडिलांनी आयुष्यात हे कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री अकरा वाजेपर्यंत मी त्यांना खोदून खोदून विचारत होते, आणि ते डोळे बारीक करून खड्डा कुठं होता, तंबू कुठं होता, ते भिंतीवर बोटानं काढून दाखवत होते.

त्यानंतर आम्ही टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये गेलो. १८७२ ते ७६ ह्या काळात मेजर मँट यांनी बांधलेली ती टोकदार मनोऱ्यांची इमारत. हे संग्रहालय मुळात १९४६ साली ब्रह्मपुरीतच सुरू झालं आणि १९४९ मध्ये टाऊन हॉलात आलं. शाळेच्या सहलीत मी ते धावत बघितलं होतं, तोफा आणि तलवारीच लक्षात होत्या. ह्या खेपेला सरांनी आम्हाला एका छोट्या मूर्तीपुढं अर्धा तास उभं केलं. तळहातावर मावेल एवढा कांस्याचा समुद्रदेव, पोसायडन. दाढीवाला, उघड्या अंगाचा, बांधेसूद. रोमन जगातून तो इथवर आला. त्याच्यासोबत रोमन बनावटीचा आरसा आला, सुरई आली. आणि त्यांच्याच शेजारी आपल्या मातीतला तो अप्रतिम कांस्याचा हत्ती, पाठीवर माणसं बसलेला.

"कसा आला असेल?" सरांनी विचारलं. कुणी म्हणालं जहाजानं. "जहाज कोकणात थांबलं. पुढं?" मग आम्ही एकेक घाट मोजायला लागलो. बंदरातून बैलाच्या पाठीवर, घाट चढून, गगनबावड्याच्या अंगानं किंवा आणखी कुठल्या वाटेनं पंचगंगेच्या काठी. तोवर घाट म्हणजे मला फक्त पावसाळ्यातलं धुकं आणि एसटी लागणं. त्या दिवसापासून घाटातली जुनी पाऊलवाट दिसली की मनात बैलांच्या घंटा वाजतात.

तिथली नाणीही तशीच. शिशाची, जड, बेढब. एका बाजूला बाण लावलेलं धनुष्य आणि कडेनं ब्राह्मी अक्षरं. वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर. कोल्हापूरच्या मातीतूनच ही नाणी जगाला माहीत झाली. राजे आपल्या नावाआधी आईच्या गोत्राचं नाव लावत होते, हे कळल्यावर वर्गातल्या आम्ही चौघी मुली एकमेकींकडे बघून हसलो होतो. दुसऱ्या शतकातला टॉलेमी दूर अलेक्झांड्रियात बसून भूगोल लिहितो आणि त्यात बालेओकुरोस नावाच्या राजाची राजधानी हिप्पोकुरा सांगतो. हा बालेओकुरोस म्हणजेच आपला विळिवायकुर, असं अभ्यासक मानतात. हिप्पोकुरा म्हणजेच कोल्हापूर की आणखी कुठलं गाव, ह्यावर बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर आमच्यात केवढी भांडणं झाली! ती भांडणं मला आजही हवीहवीशी वाटतात.

पण मनात खरं घर करून बसलंय ते खिद्रापूर.

पहाटेच्या गाडीनं कुरुंदवाड, तिथून सैनिक टाकळीकडे जाणारी एसटी आणि पुढं बैलगाडीच्या चाकोरीतून पायी. दोन्ही बाजूंना ऊस. तिन्ही अंगांनी कृष्णेनं वेढलेलं ते गाव. गुऱ्हाळाचा वास सगळ्या वाटेवर. एका गुऱ्हाळवाल्यानं थांबवून आम्हाला गरम काकवी पाजली आणि विचारलं, "काय लगीन हाय का काय?" सर म्हणाले, "नाही, पोरं देऊळ शिकायला आल्यात." त्या माणसानं मान डोलावली. "देऊळ शिकायला. बरं हाय."

कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहार गंडरादित्याच्या काळातलं मानतात. बाहेरून सुरुवात करायची, हा सरांचा शिरस्ता. पायाशी सगळ्या देवळाला पाठीवर घेतल्यासारखे दगडी हत्ती आहेत, ९२. आम्हाला ते मोजायला सांगितले होते. प्रत्येकाचा आकडा वेगळा आला, कारण कुणाची सोंड गेलेली, कुणाचं डोकंच नाही, आणि मोडक्याला धरायचं का सोडायचं ह्यावर एकमत होईना. सर म्हणाले, "मोडलेला हत्तीसुद्धा हत्तीच." आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजले.

मग स्वर्गमंडप. मंडपाचे खांब ४८, आणि मधोमध छतच नाही. १३ फूट रुंद गोल आभाळ. खाली बरोबर तेवढ्याच मापाची गोल शिळा. आम्ही बरोबर आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं खाऊन घेतलं आणि दुपारभर तिथं बसून राहिलो. छताच्या वाटोळ्या कडेतून आलेला उन्हाचा तुकडा सरकत होता. वेगवेगळ्या खांबांचे आकार, गोल, चौकोनी, अष्टकोनी, ते एकाच खांबात कसे बदलत जातात, हे पेन्सिलीनं वहीत उतरवायचं. फोटो काढायला कॅमेरा आमच्यापैकी कुणाकडंच नव्हता, आणि सरांना ते बरंच वाटलं असावं. ते म्हणायचे, "हातानं काढलं की डोळा थांबतो." मी काढलेला तो खांब वाकडा आला होता, पण त्याच्यावरची एकही पट्टी सुटलेली नव्हती. सरांनी त्याच्याखाली सही केली.

छत मोकळं का ठेवलं? यज्ञाचा धूर जायला म्हणून, असं गावकरी सांगत होते. आमच्यातल्या एकानं म्हटलं, चंद्र दिसावा म्हणून. सरांनी दोन्ही वहीत लिहून घ्यायला लावलं, कुणी सांगितलं त्याच्या नोंदीसह. आणि नंदी का नाही? तर सती नंदीवर बसून माहेरी, दक्षाच्या यज्ञाला गेली, म्हणून तो इथं नाही. तो यडूरला आहे, नदीपल्याड, कर्नाटकात. सतीच्या दुःखानं कोपलेला तो कोपेश्वर, आणि त्याची समजूत काढायला विष्णू धोपेश्वराच्या रूपात त्याच्याशेजारी. पुजारी ही गोष्ट सांगत होते तेव्हा गाभाऱ्याच्या थंडगार अंधारात आम्ही वीसएक जण इतके गप्प होतो, की पाकोळ्यांच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता.

दक्षिण दरवाज्यापाशी यादव राजा सिंघणाचा संस्कृत लेख आहे, शके ११३६ चा. देवाच्या पूजेअर्चेसाठी कूडलदामवाड, म्हणजे आपलं कुरुंदवाड, दान दिल्याचा. सकाळी ज्या स्टँडवर आम्ही चहा प्यालो, ते गाव ह्या दगडावर आहे! पण मंदिरातले बाकीचे बहुतेक लेख कन्नड. तिथं आम्ही सगळे अडलो. आणि तेवढ्यात आमच्यातली गडहिंग्लजची मैत्रीण पुढं झाली. तिचं आजोळ सीमेपलीकडचं, चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली. वर्गात ती फारशी बोलायची नाही. तिनं अक्षरांवरून हलकेच बोट फिरवलं आणि म्हणाली, "सर, हा 'श्री' आहे. हा 'द' असावा. हा माझ्या आज्जीच्या पोथीतल्या 'म'सारखा आहे." हळेकन्नड लिपी वाचायला वेगळी तयारी लागते, सगळा लेख तिला कुठून वाचता यावा? पण आठशे वर्षांपूर्वीच्या दगडातली पाच-सहा अक्षरं तिनं त्या दुपारी ओळखली. सर तिच्यापुढे अक्षरशः हात जोडून उभे राहिले. "कुंदणगार सर कन्नडचे होते म्हणून कोल्हापूरचे लेख वाचले गेले," असं म्हणाले. त्यांचं शिलालेखांचं पुस्तक १९३९ मध्येच निघालं होतं. पुढं वा. वि. मिराशींनी शिलाहारांच्या लेखांचा जाडजूड खंड १९७७ साली सिद्ध केला. तो खंड ती पुढं दोन वर्षं ग्रंथालयात घेऊन बसलेली असायची.

आपल्या ह्या मुलखाला मराठी आणि कन्नड अशा दोन आया आहेत, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं. शिलाहार राजे स्वतःला तगरपुराचे, म्हणजे तेरचे, अधीश्वर म्हणवत, महालक्ष्मीच्या वरप्रसादानं राज्य मिळालं असं अभिमानानं कोरत, आणि आपले कितीतरी शिलालेख कन्नडात लिहीत. आमच्या पेठेतल्या शुक्रवार दरवाज्याजवळच्या जैन मंदिरातही त्यांच्या काळचा लेख आहे. त्याच्यावरून मी रोज शाळेला जात होते.

पोहाळ्याची लेणी जोतिबाच्या वाटेवर झाली. गगनबावड्याकडे पळसंब्याला ओढ्याकाठी एकेका सुट्या खडकातून कोरलेली देवळं बघितली. पन्हाळा दोनदा झाला. दुसऱ्यांदा पावसात, अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती ह्या धान्यकोठ्यांची मापं टेपनं घेताना सगळे चिंब. त्या मापांची पानं शाई पसरून गेली, म्हणून त्याबद्दल जास्त सांगता येत नाही.

वीरगळांचं मात्र सांगायलाच हवं. करवीर तालुक्यातल्या बीडला आम्ही गेलो ते त्यासाठीच. देवळाच्या आवारात एकापुढं एक उभे. खालच्या चौकटीत लढाई, कुठं गाई राखताना आलेलं मरण. मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर नेतायत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं बसलेला. आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य. नाव बहुतेकांवर नसतंच. झिजलेला वीरगळ वाचायची युक्ती सरांनी शिकवली. ऐन उन्हात बघायचा नाही. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात, तिरपा उजेड पडतो तेव्हा बघायचा, की रेघांना सावली येते आणि घोडा उठून दिसतो, तलवार दिसते. अशी एक तलवार दिसली तेव्हा शेजारी उभी असलेली गावातली म्हातारी म्हणाली, "आगं बया, ह्यो तर मानूस हाय! मी जल्मभर ह्येला शेंदूर लावलाय." आणि तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा.

हल्ली कुठं कुठं ह्या वीरगळांना चकचकीत ऑईलपेंट दिलेला दिसतो. देणाऱ्याच्या मनात भक्तीच असते, हे मला कळतं. पण रंगाखाली ती रेघ बुजते, आणि गाई सोडवताना गेलेला कुणाचा तरी मुलगा दुसऱ्यांदा जातो. मला ते बघवत नाही. मी प्रत्येक ठिकाणी थांबते, बोलते, हात जोडते. काही ठिकाणी ऐकतातही.

वर्षअखेरीला मी धीर करून वडिलांचा तो डबा सरांना दाखवायला नेला. त्यांनी टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि एकेक तुकडा ठेवला. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, बहमनी काळातल्या बांगड्या असाव्यात. ब्रह्मपुरीच्या उत्खननात अशा ढिगानं मिळाल्या. दीक्षितांना काचेचा नाद, त्यांनी पुढं भारतीय काचेच्या इतिहासावर ग्रंथच लिहिला. "पण हे नेमके कुठं मिळाले?"

वडिलांना एवढंच आठवत होतं की पहिला वळीव पडला, माती धुपली, की टेकाच्या उतारावर हे चमकायचे. सर हळहळले. कुठल्या थरातून आले, कशासोबत होते, हे गेलं की वस्तूचं बोलणं बंद होतं. तरी त्यांनी एकेक तुकडा कागदावर काढून घेतला, जाडी मापली, रंग लिहिला आणि शेवटी लिहिलं, 'ब्रह्मपुरी, उतारावर, पावसानंतर, एका दहा वर्षांच्या मुलाला.'

ही ओळ मी घरी वाचून दाखवली तेव्हा वडील उठून माजघरात गेले. परत आले तेव्हा तोंड धुऊन आलेले.

पुढं किती तरी वर्षांनी, त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, मी त्यांना टाऊन हॉलला घेऊन गेले. जन्मभर कोल्हापुरात राहून ते म्युझियमच्या आत कधी गेलेच नव्हते. मला वाटलं, समुद्रदेव बघून हरखतील. त्यांनी त्याला नमस्कार केला, देव म्हटल्यावर करायचा तसा, आणि पुढं सरकले. ब्रह्मपुरीच्या खापरांच्या, मण्यांच्या कपाटापुढं मात्र ते हलेचनात. खापरांवर शाईनं घातलेले बारीक आकडे होते. चष्मा वर करून, काचेला नाक लावून ते आकडे वाचत राहिले. मग माझा हात धरून म्हणाले, "हे आकडं घालताना मी बघितलंय."

बाहेर पाऊस पडून गेला होता. रिक्षा करते म्हटलं तर नको म्हणाले. आम्ही हळूहळू नदीकडे उतरलो. टेकावर आता घरंच घरं आहेत, उतार असा फारसा उरलेला नाही. एका भिंतीच्या बुडाशी थोडी माती उघडी होती, पांढुरकी, नुकती धुतल्यासारखी. वडील थांबले. एका हातानं भिंतीचा आधार घेतला, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला, आणि सावकाश वाकून बघायला लागले.